जनसंपर्काच्या नोकरीत नवे आहात? एआयला कोणतं काम द्यायचं आणि कोणतं नाही

मास कॉमची पदवी घेऊन पुण्या-मुंबईच्या पीआर एजन्सीत नुकतेच लागलेले, किंवा साखर कारखाना, सहकारी बँक, हॉस्पिटल, कॉलेज अशा ठिकाणी "आपलं जरा प्रसिद्धीचं बघत जा" असं सांगून ज्यांना टेबल मिळालंय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. या क्षेत्रात मुरलेल्यांना यात नवीन फारसं सापडणार नाही.

मी या कामात आलो तेव्हा नवख्याच्या वाट्याला तीन कामं यायची. कात्रणं कापून डॉकेट (म्हणजे कात्रणांची फाइल) लावायचं, इंग्रजी प्रेस नोटचं मराठी करायचं, आणि "नोट मिळाली का सर?" म्हणून फोन करत बसायचं. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं. त्यामागोमाग जेमिनी, कोपायलट, क्लॉड वगैरे आले आणि पहिली दोन कामं जवळपास यंत्राकडे गेली. ती कंटाळवाणी होती, त्यांच्यासाठी कुणी रडणार नाही. पण कात्रणं लावता लावताच कोणता पेपर कोणती बातमी कुठल्या पानावर घेतो हे डोक्यात बसायचं, आणि भाषांतर करताना क्लायंटचा धंदा समजायचा. ते शिक्षण आता आपोआप मिळत नाही, मुद्दाम घ्यावं लागतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. कामाचे तीन ढीग करा

पहिल्या दिवशी कुठलंही ॲप उघडण्याआधी एक कागद घ्या आणि तुमच्या वाट्याची सगळी कामं लिहून काढा. मग त्यांचे तीन ढीग करा.

यंत्राला बिनधास्त द्यायची कामं: दोन तासांच्या पत्रकार परिषदेच्या रेकॉर्डिंगचं टिपण, लांबलचक अहवालाचा सारांश, एका नोटसाठी दहा मथळे सुचवणं, पत्रकार काय काय विचारू शकतील त्या प्रश्नांची यादी. हे शेवटचं काम यंत्र फार चांगलं करतं. साहेबांना तोंडावर अडचणीचे प्रश्न विचारायची आपली टाप नसते. यंत्राला असल्या भिडा नाहीत.

नजर ठेवून द्यायची कामं: प्रेस नोटचा पहिला मसुदा, भाषांतर, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, कात्रणांचं वर्गीकरण.

आणि अजिबात न द्यायची: कुणाच्या तोंडी घालायचं विधान, शोकसंदेश, माफीनामा, अपघातानंतरचं पहिलं निवेदन, आणि कोणत्या पत्रकाराला आधी फोन करायचा हा निर्णय.

तिसऱ्या ढिगाबद्दल वाद घालणारे भेटतील. त्यांना अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाची गोष्ट सांगा. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, विद्यार्थी मारले गेले. व्हँडरबिल्टच्या पीबडी कॉलेजने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारा ईमेल पाठवला. ईमेलच्या तळाशी हा मजकूर चॅटजीपीटीच्या आधाराने लिहिल्याची बारीक ओळ होती. विद्यार्थी खवळले, कॉलेजला माफी मागावी लागली. मजकुरात व्याकरणाची चूक नव्हती, सूरही शांत होता. दुःखाच्या वेळी दोन ओळी लिहायलाही यांना माणूस मिळाला नाही, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

२. आधी कागद जमवा

नवखी मंडळी थेट चॅटच्या चौकटीत "आमच्या नव्या शाखेच्या उद्घाटनाची प्रेस नोट लिही" असं टाइप करतात. यंत्राला काहीच माहीत नसतं, म्हणून ते रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतं. शाखेचा पत्ता, कर्मचाऱ्यांची संख्या, अध्यक्षांचं वाक्य, सगळं तयार मिळतं आणि त्यातलं काहीही खरं नसतं. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी हे हाताशी हवं:

- एक पानी माहितीपत्रक. संस्था कधी सुरू झाली, शाखा किती, उलाढाल किती, पदाधिकारी कोण. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला आणि कोणत्या तारखेचा आहे ते लिहिलेलं.
- नावांची दोन भाषांतली यादी. हिच्याबद्दल पुढे सविस्तर येईल.
- ज्यांचं विधान वापरायचं त्यांची लेखी संमती. व्हॉट्सॲपवरचं "ओके"ही चालेल, पण त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.
- गेल्या वर्षभरातली त्या संस्थेची कात्रणं.
- फोटो, फोटोओळ आणि फोटो कुणी काढला त्याचं नाव.
- गोपनीयतेचा करार केला असेल तर त्याची प्रत, आणि एजन्सीचे किंवा क्लायंटचे एआय वापरायचे नियम. नियम नसतील तर वरिष्ठांना ईमेल करून विचारा. तोंडी परवानगी वेळ आली की कुणालाच आठवत नाही.

३. चौकटीत काय टाकायचं नाही

फुकट खात्यावर टाकलेला मजकूर कंपनी आपलं मॉडेल सुधारायला वापरू शकते. बहुतेक सेवांमध्ये हे बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी शोधा. पण निव्वळ त्या बटणावर विसंबू नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकला आणि त्यानंतर कंपनीने कर्मचाऱ्यांना असली साधनं वापरायला बंदी केली. पीआरवाल्याच्या हाती कोड नसतो, पण त्याहून नाजूक गोष्टी असतात.

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचे तिमाही निकाल, विलीनीकरण, नवा सीईओ या बातम्या जाहीर होण्याआधी तुमच्याकडे आलेल्या असतात. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार करणं) नियमांत अशी माहिती किंमतीवर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती ठरते. ती कुणापर्यंत गेली याचा हिशेब कंपनीला ठेवावा लागतो. निकालाची नोट सार्वजनिक चॅटबॉटमध्ये "जरा सोपी करून दे" म्हणून चिकटवलीत तर त्या हिशेबात तुम्ही काय लिहिणार? अशा नोटसाठी आकड्यांच्या जागी क्षक्षक्ष घाला, सांगाडा तयार करून घ्या, आणि आकडे शेवटी आपल्या संगणकावर स्वतः भरा.

पत्रकारांच्या फोन नंबरांची यादी, रुग्णांची नावं, विद्यार्थ्यांचे गुण हेही टाकायचं नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि साधी माणुसकीही आहे.

४. मसुदा मागायचा कसा

यंत्राशी मराठीत बोलायला लाजू नका, चांगलं समजतं त्याला. मात्र आदेश मोघम नको. मी साधारण असं लिहितो:

"खाली दिलेल्या माहितीवरून मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीसाठी २०० शब्दांची बातमी लिही. पहिल्या वाक्यात वाचकाला काय मिळणार ते सांग. दिलेल्या माहितीबाहेरचा एकही आकडा, नाव किंवा विधान घालू नकोस. माहिती अपुरी असेल तिथे 'माहिती हवी' असं लिही. अग्रगण्य, अत्याधुनिक, नावीन्यपूर्ण, सक्षमीकरण हे शब्द वापरू नकोस."

यातलं "माहिती हवी" हे वाक्य सगळ्यात कामाचं. यंत्राला रिकामी जागा रिकामी सोडायची परवानगी दिली की थापा बऱ्याच कमी होतात. कमी होतात, बंद होत नाहीत.

आता फरक बघा. समजा, एका दूध संघाने फलटण तालुक्यातल्या गावांत बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायच्या टाक्या, बसवले. मोघम आदेशावर यंत्र असं काहीतरी देतं: "दुग्धव्यवसाय क्षेत्रातील अग्रगण्य संस्थेने शेतकऱ्यांच्या सक्षमीकरणाच्या दिशेने महत्त्वपूर्ण पाऊल उचलत अत्याधुनिक शीतकरण सुविधेचा शुभारंभ केला आहे." उपसंपादक हे वाचून पुढची ईमेल उघडतो. त्याला हवं असतं ते असं: "फलटण : तालुक्यातील सात गावांमधील दूध आता गावातच थंड करून ठेवता येणार आहे. गाडी उशिरा आल्याने संध्याकाळचे दूध नासत असल्याची उत्पादकांची तक्रार होती." संघाचं नाव त्यानंतरच्या वाक्यात आलं तरी चालतं. क्लायंटला ते पहिल्या वाक्यात हवं असतं. त्याला समजावणं हे तुमचं काम, त्यासाठी अजून कुठलं ॲप आलेलं नाही.

१९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला, तेव्हा रेल्वे कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या आयव्ही ली यांनी कंपनीच्या वतीने घटनेची माहिती स्वतःहून पत्रकारांना लिहून दिली. ती पहिली प्रेस नोट मानतात. तिच्यातही घडलेलं सांगितलेलं होतं. शंभर वर्षं उलटून गेली, उपसंपादकाची मागणी बदललेली नाही.

५. नावं, आकडे, तारखा: इथे घाई करायची नाही

हा या लेखातला सगळ्यात लांब भाग आहे, कारण नवख्यांच्या नोकऱ्या इथे धोक्यात येतात.

*नावं.* इंग्रजी कागदावरून यंत्र मराठी करतं तेव्हा ळ आणि ल, ण आणि न, ठ आणि थ यांत सर्रास घोळ घालतं. इंग्रजीत लिहिलेला काळे हा काले होतो, साठेंचे साथे होतात, गोळेंचे गोले. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो भेदच नसतो, म्हणून यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. माणूस आपल्या कारखान्याच्या बातमीतला आकडा चुकलेला सहन करेल, आडनाव चुकलेलं करणार नाही. म्हणून ती दोन भाषांतली यादी. प्रत्येक नाव त्या माणसाच्या व्हिजिटिंग कार्डावरून, नाहीतर त्यालाच विचारून, मराठीत लिहून ठेवा आणि आदेशाबरोबर यंत्राला द्या.

उपस्थितांच्या यादीचंही तसंच. तालुक्याच्या कार्यक्रमात आमदारांचं नाव आधी की जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्षांचं, सरपंचांचं राहिलं का, दोन गटांतल्या माणसांची नावं शेजारी शेजारी आली तर कोण रुसेल, हे ज्ञान इंटरनेटवर लिहिलेलं नसतं. गावातल्या जुन्या वार्ताहराला विचारा. पेपर "मा. श्री." कापतोच, पण क्रम जसाच्या तसा छापतो.

*आकडे.* मिलियनचे दहा लाख, बिलियनचे शंभर कोटी. अडीच बिलियन रुपये म्हणजे २५० कोटी. यंत्र हे नव्वद वेळा बरोबर करेल आणि एकदा २५ कोटी लिहून मोकळं होईल. प्रत्येक रूपांतर कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा. आर्थिक वर्षातही सापळा आहे. इंग्रजी नोटमधलं एफवाय २६ म्हणजे मार्च २०२६ ला संपणारं वर्ष, मराठीत २०२५-२६. यंत्र कधी कधी सरळ "२०२६ साली" लिहितं आणि विक्री चुकीच्या वर्षात जाते.

*शब्द.* प्लांटचं रोप झालेलं, लाँचचं प्रक्षेपण झालेलं मी छापील नोटांमध्ये पाहिलंय. नवी मॉडेलं यात सुधारली आहेत, तरी मसुदा एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा इंग्रजी वाक्यरचना तशीच मराठी कपडे घालून बसलेली असते.

*दावे.* "देशातील पहिला", "महाराष्ट्रातील सर्वात मोठा" हे यंत्राचे लाडके शब्द, आणि क्लायंटचेही. पुरावा नसेल तर काढा. क्लायंट अडून बसला तर "तुमच्या स्पर्धकाने हेच विचारलं तर कोणता कागद दाखवायचा?" एवढं विचारा.

*संदर्भ.* यंत्राने सांगितलेला अहवाल, पुस्तक, निकाल स्वतः उघडून पाहिल्याशिवाय नोटमध्ये घालू नका. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्स या जुन्या दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी आली. लेखक खरे होते, पण पंधरापैकी दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. बाहेरच्या लेखकाने एआयकडून यादी घेतली होती आणि वाटेत कुणीच तपासली नाही. पुरवणी बाहेरच्या संस्थेने तयार केलेली होती, तरी नाव खराब झालं ते पेपरचं. तुमच्या नोटच्या बाबतीत ते क्लायंटचं होईल, आणि नंतर तुमचं.

तपासणीची एक साधी पद्धत: मसुद्याची प्रिंट काढा, प्रत्येक नाव, आकडा आणि तारीख लाल पेनाने अधोरेखित करा, आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या कागदावरून पडताळला ते लिहा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही ते खोडा. ही प्रिंट फेकू नका, फाइलला लावा.

६. साहेबांचं वाक्य साहेबांकडूनच घ्या

प्रेस नोटमधली विधानं पीआरवालाच लिहितो आणि साहेब मान हलवतात, ही प्रथा एआयच्या आधीपासून आहे. ते मी नाकारत नाही. पण निदान लिहिणारा माणूस साहेबांना ओळखत असायचा. आता यंत्र "हा आमच्यासाठी अभिमानाचा क्षण आहे" हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक अध्यक्षाच्या तोंडी घालतंय, आणि पेपरच्या डेस्कवर, म्हणजे उपसंपादकांच्या टेबलावर, ते डोळे झाकून कापतात.

सोपा उपाय आहे. साहेबांकडून पाच मिनिटं मागा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू आहे हे सांगून करा, आणि एकच प्रश्न विचारा: "हे केलं नसतं तर काय अडलं असतं?" उत्तराचं टिपण यंत्राकडून काढून घ्या. नाशिकचे असतील तर नाशिकचं बोलतील, वऱ्हाडातले असतील तर यंत्राची थोडी फजिती होईल, म्हणून टिपण रेकॉर्डिंगशी ताडून बघा. त्यातलं एक खरं वाक्य उचला. छापून येतं ते वाक्य.

७. पाठवणं आणि फोन

मराठी नोट युनिकोडमध्ये, ईमेलच्या अंगातच लिहून पाठवा, सोबत वर्डची फाइल जोडा. नुसती पीडीएफ पाठवू नका. तिच्यातून मराठी मजकूर कॉपी केला की काना-मात्रा विखुरतात, आणि संध्याकाळी डेस्कवर पुन्हा टाइप करत बसायला कुणाला वेळ नसतो. लेटरहेडवर छापून फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणं त्याहून वाईट. काही ठिकाणी पान अजून जुन्या फाँटमध्ये लागतं. तिथल्या माणसाला कोणता फाँट चालतो ते एकदा विचारून ठेवा.

एआयमुळे आलेला नवा सापळा म्हणजे घाऊक "वैयक्तिक" ईमेल. यंत्र शंभर पत्रकारांना शंभर वेगळ्या ईमेल लिहून देतं, प्रत्येकीत "आपला अमुक विषयावरचा लेख वाचून प्रभावित झालो". पत्रकार या ईमेल आता लांबून ओळखतात, आणि त्या लेखाचं नाव चुकलेलं असेल तर ती ईमेल त्यांच्या ग्रुपवर हसण्यासाठी फिरते. त्यापेक्षा पंधरा जणांची यादी करा. कोण शेती बघतं, कोण महापालिका, कोण आरोग्य, हे त्यांच्या बातम्या वाचून ठरवा. सलग महिनाभर रोज सकाळी चार पेपर वाचा, सारांश नव्हे, पूर्ण पेपर. मघाशी म्हटलेलं कात्रणांचं शिक्षण परत मिळवायचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

फोन दुपारी करा. संध्याकाळी पान लागत असतं, तेव्हा "बातमी लागणार का?" विचारणाऱ्याचा नंबर लोक सेव्ह करतात तो न उचलण्यासाठी. तालुक्याचे वार्ताहर बरेचदा शेती, दुकान किंवा शिकवणी सांभाळून हे काम करतात. त्यांना फोन करताना त्यांची वेळ विचारा. आणि जाहिरात देऊन बातमी मागायची असेल तर ते जाहिरात विभागाशी उघडपणे बोला, बातमीदाराला त्यात ओढू नका.

८. फोटो आणि व्हिडिओ

झालेल्या कार्यक्रमाचा फोटो एआयने बनवायचा नाही, आणि खरा फोटो एआयने "सुधारायचा"ही नाही. रिकाम्या खुर्च्या भरायची सूचना क्लायंटकडून येईल, हमखास येईल. नाही म्हणा. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने युवराज्ञी केट यांचा मुलांसोबतचा फोटो प्रसिद्धीला दिला. त्यात फेरफार झाल्याचं दिसताच एपी, रॉयटर्स, एएफपी, गेटी या वृत्त आणि छायाचित्र संस्थांनी तो मागे घेतला. तिथे एआय वापरल्याचं समोर आलेलं नाही, साधी छेडछाड होती, तरी आठवडाभर जगभर वेगळ्याच अफवा चालल्या. राजवाड्याचं हे झालं, आपल्या पतसंस्थेला कोण सोडणार आहे?

चित्र किंवा माहितीपट एआयने बनवलेला असेल तर तसं ठळक लिहा. समाजमाध्यमांवर कृत्रिम दृश्यांना लेबल लावण्याचे नियम कडक होत चालले आहेत, आणि निवडणूक आयोगाने जानेवारी २०२५ मध्येच राजकीय पक्षांना प्रचारातल्या अशा मजकुरावर लेबल लावायला सांगितलंय. राजकीय क्लायंट असेल तर हे आधी वाचा.

९. उद्या साहेबांचा खोटा व्हिडिओ फिरला तर

हे फक्त बड्यांच्या बाबतीत घडतं असं समजू नका, पण उदाहरणं बड्यांचीच घेऊ. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय असा बनावट व्हिडिओ आला. त्याने स्वतः समाजमाध्यमावर तो खोटा असल्याचं सांगितलं आणि मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) प्रमुख आशिषकुमार चौहान शेअर सुचवत असल्याचे व्हिडिओ फिरले. एनएसईने लेखी खुलासा काढला, आणि आमचे कर्मचारी कुठलाही शेअर सुचवत नाहीत, अधिकृत माहिती फक्त आमच्या संकेतस्थळावर आणि अधिकृत खात्यांवर मिळेल, असं सांगितलं. या खुलाशाचा नमुना शिकण्यासारखा आहे. हा व्हिडिओ खोटा, आणि खरं कुठे मिळेल, दोन्ही एका जागी.

तुमच्या संस्थेसाठी हे आजच तयार ठेवा:

- खुलाशाचा कोरा मसुदा, मराठी आणि इंग्रजी, फक्त घटना आणि तारीख भरायची बाकी.
- साहेबांचा त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर वीस सेकंदांचा खुलासा कोण चित्रित करेल त्याचं नाव.
- वकील, सायबर पोलीस ठाणे आणि पंधरा पत्रकारांचे नंबर, कागदावर छापलेले.
- पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक.

खोटा व्हिडिओ मिळाला की आधी त्याची लिंक, वेळ आणि स्क्रीनशॉट जपा, मग तक्रार करा. खुलासा करताना तो व्हिडिओ स्वतः पुन्हा टाकू नका. ग्रुपवर "हे खोटं आहे" म्हणून फॉरवर्ड करणारेच त्याला गावभर नेतात.

संस्थेच्या संकेतस्थळावर चॅटबॉट बसवायचा प्रस्ताव आला तर मीटिंगमध्ये एअर कॅनडाचं प्रकरण काढा. जवळचं माणूस गेल्यावर प्रवास करणाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीबद्दल त्यांच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला चुकीचं सांगितलं. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा धर्तीचा युक्तिवाद कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातल्या लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळून कंपनीला भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ होती. बातमी जगभर गेली.

१०. यंत्र तुमच्या संस्थेबद्दल काय सांगतं ते बघा

हे काम नवीन आहे आणि ज्येष्ठांना फारसं येत नाही, म्हणून तुमच्यासाठी संधी आहे. लोक आता "अमुक बँक सुरक्षित आहे का?" हे थेट चॅटबॉटला विचारतात. महिन्यातून एकदा तीन-चार साधनांना मराठीत आणि इंग्रजीत तेच दहा प्रश्न विचारा, उत्तरं तारखेसह साठवा, चुका टिपा.

चूक दुरुस्त करायचा थेट मार्ग सहसा नसतो. तुमच्या हातात एवढंच असतं की खरी माहिती वाचता येईल अशा रूपात ठेवायची. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांच्या संकेतस्थळावर प्रेस नोट म्हणजे स्कॅन केलेलं चित्र असतं, अध्यक्षांचं नाव तीन वर्षांपूर्वीचं असतं, आणि मराठी पान उघडतच नाही. ते आधी साफ करा. विकिपीडियावर गुपचूप आपलं पान चकचकीत करायचा मोह टाळा. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते जाहीर करावं असा तिथला नियम २०१४ पासून आहे, आणि मराठी विकिपीडियावर हात मोजके असल्यामुळे नवा हात लगेच दिसतो.

११. महिन्याचा अहवाल

थोडक्यात सांगतो. छापून आलेल्या बातमीची जागा मोजून "एवढ्या लाखांची जाहिरात वाचली" असं लिहायची पद्धत जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी बाद ठरवली, तरी आपल्याकडे ती जिवंत आहे. यंत्र तो हिशेब आणखी झटपट करून देतं, एवढंच. बातमीनंतर किती फोन आले, किती जणांनी अर्ज केला, हे विचारा. आणि प्रतिक्रिया चांगल्या-वाईट अशा वाटून देणाऱ्या यंत्रावर मराठीत फार विसंबू नका. "वा, काय सेवा आहे, तीन तास रांगेत उभं राहून धन्य झालो" ही पुणेरी प्रतिक्रिया कौतुकाच्या रकान्यात पडू शकते.

१२. नोकरी राहील का?

दर २१ एप्रिलला, राष्ट्रीय जनसंपर्क दिनाच्या भाषणांत, "एआय नोकऱ्या घेणार नाही, एआय वापरणारा घेईल" हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं. दिवसाला पाच नोटा लिहायला ठेवलेली मुलं कमी होतील, होतच आहेत. ज्याच्या फोनवर बातमीदार विश्वास ठेवतो, जो साहेबांना "हे पाठवू नका" म्हणू शकतो, आणि ज्याला मराठीत स्वच्छ लिहिता येतं, त्याची गरज उरते. अडचण अशी की हे तिन्ही गुण यायला पूर्वी नवखेपणीची चार-पाच वर्षं मिळायची, आणि एजन्सी आता तेवढा काळ पगार द्यायला तयार नसतात.

म्हणून मुलाखतीला जाताना पदवीच्या कागदांसोबत एक पातळ फाइल न्या. एखाद्या खऱ्या विषयावर, समजा तुमच्या गावच्या वाचनालयाच्या किंवा गणेश मंडळाच्या कामावर, यंत्राकडून घेतलेला मसुदा, त्यावर लाल पेनाने केलेली तुमची तपासणी, आणि शेवटी स्थानिक पेपरात छापून आलेलं कात्रण. तिन्ही पानं एकामागोमाग लावा. समोरचा माणूस या धंद्यातला असेल तर मधल्या पानावर थांबेल आणि प्रश्न विचारेल. पगाराचा विषय त्यानंतर काढा.